मागे कोण बसतं

"मागे कोण बसतं, साहेब?"

टायरवाल्याने विचारलं ते सहजच. त्याचा अर्धा हात जॅकवर उचललेल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत गेला होता आणि गाल पत्र्याला टेकला होता, त्यामुळे तो प्रश्न गाडीच्या पोटातूनच आल्यासारखा वाटला. "कोणीच नाही," गाडीचा मालक म्हणाला. "आम्ही नवराबायको दोघंच असतो. पुढे." खरं तर तो आला होता फक्त पुढच्या टायरांसाठी. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. ओढायचं तिथूनच, वळायचं तिथूनच, ब्रेक दाबला की सगळा भार अंगावर घ्यायचा तोही पुढच्यांनीच. मागची दोन चाकं नुसती पाहुण्यासारखी मागून येत असतात. त्यामुळे पुढचे टायर गुळगुळीत होणार आणि मागचे शाबूत राहणार, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते टायरवाल्याच्या बोटांना लागलेलं. "हात घालून बघा," टायरवाला म्हणाला, आणि याने बाही वर करून हात घातला. मडगार्डची आतली धार जिथे खाली वळते तिथला रंग उडाला होता आणि पत्रा कसा लख्ख, मऊ झाला होता, रोज वापरातल्या सुरीसारखा. मग उजवीकडे जाऊन त्याने तसाच हात घातला. तिथे धूळ होती. कधीपासूनची, कोणी न हलवलेली, इमानदार धूळ. "डिकीत काही जड?" टायरवाल्याने विचारलं. "डिकीत ठेवलं असतं तर दोन्ही बाजूंना घासलं असतं," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आलं की आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच भक्कम करतोय. माणूस बसलं होतं. एकच. मागे, डावीकडे. आणि एकदा नव्हे.

आता दुसरा कोणी असता तर घरी जाऊन बायकोला विचारून मोकळा झाला असता. पण याचा धंदाच मुळात असा की सरळ विचारण्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. विमा कंपन्यांसाठी तो गोदामातल्या भिजलेल्या मालाची तपासणी करायचा. कापडाचे गठ्ठे, कागदाचे रोल, सिमेंटच्या गोण्या. भिजलं हे तर दिसतंच, प्रश्न एवढाच की पाणी वरून आलं की खालून, छत गळलं की कोणी नळ सोडला. गोदामाचा मालक छातीवर हात ठेवून सांगायचा, मॅनेजर डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, आणि हा त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या डागाची कड बघायचा. डाग खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, एवढं त्याला कळलं होतं. ऑफिसात त्याला सगळे दुर्बीण म्हणत आणि त्याला ते आवडायचं. गोदामांकडचे रस्ते खडबडीत, तिथे ही जमिनीला पोट टेकलेली गाडी नेण्याची सोय नव्हती, म्हणून तो मोटरसायकलने जायचा आणि गाडी बायको न्यायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी गाडी घेऊन जायची, संध्याकाळी आणायची. म्हणजे जे घासलं ते तिच्या वेळात घासलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकून गप्प बसेल अशी ती पाल नव्हती. पुढची सीट रिकामी असताना माणूस मागे का बसतो? ज्याला रस्त्यावरच्या लोकांनी बघायला नको असतं तो. आणि मागच्या काचांना काळी फिल्म कोणी लावली होती? यानेच. हौसेने.

हौस म्हणजे तरी काय, तर गाडी खाली करण्याची. लग्नानंतरच्या वर्षी त्याने स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली उतरवली होती. बाकी आयुष्यात सगळं ढगळ होतं: नोकरी ढगळ, घर ढगळ, बोलणं ढगळ. एक तरी गोष्ट नेटकी, घट्ट, जिथल्या तिथे बसलेली असावी असं त्याला वाटायचं. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढीच फट, वळणावर गाडी जराही न कलंडता जाते तेव्हा पोटात होणारा तो आनंद, हे त्याला कोणाला समजावून सांगता आलं नव्हतं. पण खाली उतरवलेल्या गाडीचं सोवळंओवळं फार. रस्त्यात गतिरोधक आला की आतल्या माणसांनी उतरायचं, गाडी तिरकी करून रिकामी पलीकडे न्यायची, मग माणसांनी चालत पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. अशा गाड्यांवाल्यांना यात काही वावगं वाटत नाही. माणसांना पाय असतात, गाडीच्या पोटाला नसतात. सुरुवातीला बायको हसत उतरायची. चपला हातात घेऊन, गतिरोधकावर उभी राहून, पोलिसासारखा हात दाखवून गाडी पलीकडे घ्यायची, आणि बघणारेही हसायचे. तेव्हा ती त्याला इतकी आवडायची की गाडी तिथेच सोडून तिला उचलावंसं वाटायचं. मग कधीतरी ती नुसतीच उतरायला लागली. आणि मग कधीतरी गतिरोधक नसलेले रस्ते तिने स्वतःच शोधून काढले. मागे पाहुणे बसवायचे नाहीत हा नियमही तेव्हाचाच. चार माणसं बसली की मागचे टायर धारेला लागतात, म्हणून. तिची बहीण आली तेव्हा तिला टॅक्सीने पाठवलं होतं. बायको काही बोलली नव्हती. ती हल्ली कशालाच काही बोलत नाही, हेही आता त्याला डागाच्या कडेसारखं स्पष्ट दिसायला लागलं.

"मग काय करू या?" टायरवाला हात पुसत म्हणाला. "माझं ऐकाल तर चारी बदला. एकशे पंच्याण्णव-पन्नास लावू. आत्ताच्या पंचावन्नपेक्षा उंची जराशी कमी. वर थोडी जास्त फट दिसेल, तुम्हाला आवडणार नाही ते माहीत आहे मला, पण मागे तिघं बसवा, नाव नाही घासायचं." हे आकडे त्याला काय नवीन होते! पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची. इतरांना नातेवाइकांचे वाढदिवस पाठ असतात तसे त्याला टायरचे आकडे पाठ होते. रोज जेवताना, झोपताना फोनवर तो तेच बघायचा. पुढे रुंद टायर घातला तर चाक पूर्ण वळवताना आतून घासतो. मागे रुंद आणि उंच घातला तर वरच्या धारेला लागतो, पण केव्हा? गाडी दबली तर. आणि गाडी दबते केव्हा? माणूस बसलं तर. इथे त्याच्या मनात एक गार, नेटका विचार येऊन बसला. तो विचार आपला नाही, कोणीतरी बाहेरून आणून ठेवला, असं त्याला क्षणभर वाटलं, पण त्याने तो परत केला नाही. "पुढे पंचावन्नच राहू द्या," तो म्हणाला. "मागे दोनशे पाच-पंचावन्न." टायरवाला हात पुसायचा थांबला. "उलटं करताय साहेब. ओढणारी चाकं पुढे, आणि रुंद टायर मागे?" "दिसायला." "दिसेल छान. फट दिसणारसुद्धा नाही. पण आधीच घासतंय तिथे. आता माणूस बसलं की धार सरळ टायरच्या खांद्यात, या वरच्या कडेत जाईल. रबर आहे ते, पत्र्यापुढे किती टिकणार?" "मागे कोणी बसत नाही म्हटलं ना." "बरं, मग धार तरी आत वळवून देऊ का? हातासरशी होईल." "नको," तो म्हणाला. टायरवाल्याने खांदे उडवले. गिऱ्हाईकाची हौस, त्याला काय करणार.

घरी येताना गाडी रिकामी होती आणि कुठेही टेकत नव्हती. आपण काय केलं हे त्याला नीट माहीत होतं आणि तरीही त्याने ते स्वतःला वेगळ्या शब्दांत सांगितलं. त्याला विचारायचं नव्हतं. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. त्याला हवं होतं ते हे, की तिनेच येऊन म्हणावं, अरे, मागून कसला तरी आवाज येतोय. मग तो म्हणणार, कधी येतो? आणि मग तिला सांगावं लागणार. बस, एवढंच. यात वाईट काय? त्याला वडील आठवले. वडील एका कारखान्यात भांडारपाल होते आणि घरातली साखरही भांडारातल्यासारखीच सांभाळायचे. डब्यातली साखर चमच्याने सपाट करून तिच्यावर बोटाने एक रेघ ओढून ठेवायचे. भावंडांपैकी कोणी कधी त्या डब्याला हात लावला नाही, आणि त्याच्या शेजारून जाताना सगळे हात पाठीमागे धरायचे. पुढे खूप वर्षांनी, वडील गेल्यावर, आई हसत हसत म्हणाली होती, अरे, मी तर रोज त्यातूनच तुम्हाला साखर द्यायचे, आणि परत तशीच रेघ ओढून ठेवायचे. अगदी त्यांच्यासारखी, शेवटी जराशी वाकडी. सगळे खो खो हसले होते. तो मात्र हसता हसता थांबला होता. इतकी वर्षं एक माणूस रोज समाधानाने डबा बंद करत होता आणि ती रेघ त्याची नव्हतीच, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला होता. आईचं त्याला कौतुक वाटलं नव्हतं. त्याला वडिलांची दया आली होती. आपल्यावर अशी वेळ येता कामा नये, असं काहीतरी त्याने तेव्हा मनाशी ठरवलं असावं.

पण बायको काही बोलेना. "गाडी कशी चालते नव्या टायरांवर?" त्याने चहा पिताना विचारलं. "बरी चालते," ती म्हणाली. "आवाज वगैरे?" "नाही रे. का?" हा 'का' त्याने कानात धरून ठेवला आणि दिवसभर गोदामांमधून हिंडवला. का म्हणजे काय? ज्याच्या मनात काही नाही तो का विचारतो का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भाजी निवडत असताना तो खाली गेला, मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि मडगार्डच्या आत बोट फिरवलं. बोटाला रबराचा काळा भुगा लागला. म्हणजे मागे कोणीतरी बसत होतं. म्हणजे तिला आवाज येत होता आणि ती येत नाही म्हणत होती. आता हे साधं राहिलं नव्हतं. पाणी कुठेतरी मुरतंय असं लोक नुसतं म्हणतात. याला तर ते कुठून मुरतं हे शोधण्याचाच पगार मिळत होता. तो तिच्याकडे चोरून बघायला लागला. ती केस पुसताना गुणगुणते ते आधीपासूनच की अलीकडे? संध्याकाळी दमून येते, पण चेहरा कोणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखा का असतो? एकदा तर ती एकटीच, काही कारण नसताना, भांडी विसळता विसळता खुदकन हसली. "काय झालं?" "काही नाही, लॅबमधलं आठवलं." त्या हसण्याचा त्याला इतका मत्सर वाटला की त्याने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः विसळायला लागला. ती चकित होऊन बाजूला झाली आणि तिला ते आवडलंही, आणि त्यानेच त्याला जास्त त्रास झाला.

मग एका संध्याकाळी त्याला ती चीर दिसली. टायरच्या खांद्यावर, बाहेरच्या बाजूला, नखाने ओढल्यासारखी, पण नखाने रबर फाटत नाही. त्याने अंगठ्याने ती जरा उघडून बघितली. आत पांढरा दोरा दिसला. दोरा दिसला की टायर संपला, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. अशा टायरवर माणूस बसवून उड्डाणपुलावरून वेगात जाणं म्हणजे काय हेही कळत होतं.  वरच्या खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू आली, आपल्याच घरातली, आणि त्याला वाटलं आत्ता वर जावं आणि म्हणावं, उद्या गाडी नेऊ नकोस. एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती म्हणणार, का? आणि आता 'का' विचारण्याची पाळी तिची असणार होती, आणि उत्तर याला तयार करावं लागणार होतं. तो वर गेला. हात धुतले. काळा भुगा साबणाने लवकर जात नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "माझी मोटरसायकल सुरू होत नाहीये. उद्या सकाळी मला सोडशील?" ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "चल की." एक क्षणसुद्धा घेतला नाही तिने. बिनधास्त. त्या बिनधास्तपणाचं काय करायचं हे त्याला झोप लागेपर्यंत समजलं नाही.

सकाळी तो पुढे, तिच्या शेजारी बसला. गाडीत फक्त दोघं, मागे काही नाही, चाकं गप्प. तिने नेहमीचा रस्ता सोडून एका गल्लीत गाडी घातली आणि एका जुन्या इमारतीपुढे थांबवली.  "आलेच," म्हणून ती उतरली. फाटकातून एक जाडजूड बाई कुबडीवर झुलत बाहेर आली. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बायकोने तिचा दंड धरला, मागचा उजवा दरवाजा उघडला, आणि ती बाई हाशहुश करत पाठमोरी आत सरकली, प्लास्टरचा पाय उचलून सगळ्या सीटवर आडवा पसरला आणि पाठ डाव्या दाराला टेकून बसली. "अगं बाई, आज भाऊजीसुद्धा! म्हणजे आज माझी वरातच आहे की. भाऊजी, पुढे बसले असते हो मी, पण तुमची गाडी अशी बसकी, पुढे हा ओंडका मावतच नाही. लॅबच्या जिन्यावरून पडले ना मी, ही नसती तर घरीच सडले असते…" बायको गाडी सुरू करत हळूच म्हणाली, "आम्ही हिला रेडिओ म्हणतो. का ते कळेलच तुला." आणि कळलंच. रेडिओ जी सुरू झाली ती थांबेना. डॉक्टर, जिना, नवऱ्याने केलेला स्वयंपाक, रक्त काढताना बेशुद्ध पडलेला पैलवान. बायको हसत होती. तेच ते खुदकन हसणं. त्याच्या छातीवरचा धोंडा असा धाडकन उतरला की त्याला रडायला येईल असं वाटलं. एवढंच होतं! जाड बाई आणि मोडका पाय! तोही हसला, पैलवानाला हसला, मोठमोठ्याने हसला, आणि बायकोने कौतुकाने त्याच्याकडे बघितलं.

आणि मग वळणावर, रेडिओच्या बोलण्याखालून, त्याला तो आवाज आला. खर्र. बारीक, कोरडा. बायकोला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. या बडबडीत भोंगा वाजला तरी ऐकू आला नसता. रोज तो असाच वाजत असणार आणि रोज तो कोणालाच ऐकू येत नसणार. पुन्हा खर्र. आता गाडीत तिघं होते, आजवर होते त्याहून एक जास्त, आणि तो एक तो स्वतः होता. पुढे रस्ता रुंद होत होता आणि त्याच्या टोकाला उड्डाणपुलाचा चढ दिसत होता. त्याला ती चीर दिसायला लागली. डोळे मिटले तरी दिसत होती, आतल्या पांढऱ्या दोऱ्यासकट. पोटात दुखतंय म्हणावं? ती वळून दवाखान्यात नेईल, याच टायरवर. कागद विसरला म्हणावं? ती वळून घरी नेईल, याच टायरवर. कुठलंही खोटं बोललं तरी गाडी चालतच राहणार होती. रेडिओ म्हणत होती, "भाऊजी अगदीच गप्प झाले की." बायकोने चढासाठी वेग वाढवला.

"थांबव," तो म्हणाला.

"काय झालं?"

"थांबव गाडी. बाजूला घे. टायर फाटेल."

तिने पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. तो उतरला, मागे जाऊन वाकला. जळक्या रबराचा वास येत होता आणि चीर आता हातभर लांब झाली होती, तिचे ओठ उघडले होते. बायको त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिने टायर बघितला. "तुला आतून कसं कळलं?" "आवाज आला." "मला नाही आला." इथे तो थांबला असता तर भागलं असतं. तिने आणखी विचारलं नसतं, ती विचारणाऱ्यांतली नव्हतीच. पण त्याला तिच्या पायांतल्या चपला दिसत होत्या आणि मान वर करून बघवत नव्हतं. त्या चपलांकडे बघत तो म्हणाला, "काल पाहिलं होतं मी. हे टायर मुद्दामच घेतलेत. मागे कोण बसतं ते कळावं म्हणून." वरून गाड्या जात होत्या. बायको एक पाऊल मागे सरकली. मग म्हणाली, "सांगितलं होतं की तुला. हिचा पाय मोडला त्याच दिवशी. म्हटलं, काही दिवस हिला मागे बसवते, तुझा नियम मोडून. तू फोनवर टायरच बघत होतास. हूं म्हणालास." त्याने आठवून बघितलं. ते हूं त्याला कुठेच सापडेना. पण ते म्हटलं असणार, याची त्याला पूर्ण खात्री पटली. तिच्या शब्दावर अशी खात्री त्याला फार दिवसांनी वाटली होती, आणि आता तिचा काही उपयोग नव्हता. "आणि काल दिसलं तरी गप्प बसलास," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"काय गं झालं?" रेडिओने काळी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. बायको वळली आणि नेहमीच्या आवाजात, अगदी हसऱ्या तोंडाने म्हणाली, "काही नाही गं. पंक्चर." इतकं सहज, इतकं बेमालूम, की ठाऊक नसतं तर त्यालाही खरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत बायकोचं खोटं त्याने पहिल्यांदाच पकडलं होतं, आणि ते ती त्याच्यासाठी बोलली होती. "मग स्टेपनी लावा की भाऊजी," रेडिओ म्हणाली. स्टेपनी नव्हती. गाडीला उगाच वजन नको म्हणून त्याने ती केव्हाच काढून घरी ठेवली होती. बायकोने हात करून टॅक्सी थांबवली, रेडिओला दंडाला धरून उतरवलं, तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून टॅक्सीत ठेवला. तो मदतीला पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे." रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"संध्याकाळी घ्यायला येऊ?" त्याने टॅक्सीच्या खिडकीशी वाकून विचारलं. "तोपर्यंत टायर बदलून घेतो. चारी."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, गाडी थांबल्यापासून पहिल्यांदाच. "कशाला?" ती म्हणाली. "तू येशील, आणि वाटेत पुन्हा काहीतरी घासेल." मग तिने काच वर केली, आणि आत रेडिओ हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि बायको समोर बघत होती. टॅक्सी पुलाचा चढ चढून गेली. तो गाडीत बसला आणि फुटपाथच्या कडेकडेने, अगदी हळू, टायरवाल्याच्या दुकानाकडे निघाला. एक खड्डा आला, एक वळण आलं, त्याने कान देऊन ऐकलं. मागे कोणी नव्हतं, शेजारी कोणी नव्हतं, आणि गाडी कुठेच घासत नव्हती.